पहिल्या हिवाळ्याची वही

अठरा जानेवारी. काल एकसष्ट युनिटं.
आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या,
जणू रेघांनी तो तिथंच थांबेल.

लेअर गावाच्या कडेचं हे नवं घर.
ऑक्टोबरात किल्ल्या देताना कंपनीच्या माणसानं
गुळगुळीत कागदावर दाखवलं होतं :
विजेचं एक युनिट द्या, उबेची चार घ्या.
ट्यार्कनं कागद फ्रिजवर लावला.
मी तेव्हाच विचारायला हवं होतं,
वरची तीन कुणाच्या खिशातून?

हवेच्या, म्हणे. उणे सहाच्या हवेच्या.

मागच्या अंगणात ती करडी पेटी रात्रभर घुमते.
मधेच गप्प होते, अंगावर साचलेलं बर्फ वितळवायला
घरातलीच ऊब परत मागून नेते,
पांढरी वाफ सोडते आणि पुन्हा कामाला लागते.
उसनवारीवर चाललेला संसार.

माझे वडील पीट जाळायचे.
दलदलीतून कापलेल्या काळ्या विटा,
गोठ्याच्या भिंतीला टेकून रचलेल्या.
मार्चपर्यंत पुरतील की नाही
ते जाता-येता डोळ्यांना कळायचं.
वीज कुठं टेकलेली असते?

म्हणून मग आम्ही एकमेकांकडे बघू लागलो.
फेन्याची अंघोळ, बावीस मिनिटं, मी घड्याळ लावून मोजली.
ट्यार्क रात्रपाळीहून आला की थर्मोस्टॅट वाढवतो.
नाही म्हणतो.
पण मी साडेवीसवर ठेवते आणि सकाळी पूर्ण बावीस असतात.
एका रात्री आम्ही ह्या दीड अंशावरून
लग्नाच्या खर्चापर्यंत मागे गेलो.

रविवारी शेजारचा रेम्त झिफकेन आला, लोकरीच्या मोज्यांत,
गुडघे वाजवत यंत्रासमोर बसला.
चाळीस वर्षं एम्डेनच्या मासळीच्या शीतगृहांतून
उष्णता बाहेर काढली, म्हणाला,
म्हातारपणी ती आत भरतोय.
बटणं दाबत दाबत तो अशा पानावर पोचला
जे आम्ही कधी उघडलंच नव्हतं.
तापणारी सळई : चालू.
फरशी वाळवायचा कार्यक्रम : चालू.
नोव्हेंबरात कामगार गेले, कुणी बंदच केला नाही.
पाणी पंचावन्नवर कशाला? जमिनीखालच्या नळ्यांना
पस्तीसही पुष्कळ.

त्यानं सळई बंद केली. मी फेन्याच्या खोलीकडे पाहिलं नाही.

एवढ्यावर सगळं जमेल? मी विचारलं.
नाही, म्हणाला, आणि उत्तरेच्या भिंतीवर तळहात ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
हे घर अजून ओलं आहे.
प्लास्टरात, फरशीखालच्या काँक्रीटात
हजारो लिटर पाणी भिनलंय.
पहिले एक-दोन हिवाळे तुम्ही घर नुसतं तापवत नाही,
वाळत घालताय.

मग आठवलं : रोज सकाळी खिडक्यांवरून पुसलेलं पाणी,
फडक्याला येणारा चुन्याचा वास.
आणि पायाभरणीचा तो एप्रिल, सलग तीन आठवडे पाऊस,
उघड्या भिंतींमध्ये छत्री धरून
आम्ही तिघांनी हसत काढलेला फोटो.
एप्रिलचा पाऊस जानेवारीच्या बिलात आला होता.

एकोणीस जानेवारी. एकोणचाळीस युनिटं.
आज ट्यार्कनं न सांगता
दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडल्या,
कोट घालून मधोमध उभा राहिला.
थर्मोस्टॅट मीच वाढवायचो, म्हणाला. भिंत गार लागायची.

फेन्याला म्हटलं, हवी तेवढी अंघोळ कर.
ती म्हणाली, सतराच मिनिटं होती,
पाच मिनिटं मी नुसती आत बसले होते.

वहीत मी एक नवा रकाना आखला.
नाव सुचेना. मग लिहिलं : भिंतींसाठी.
त्याखाली काय भरायचं असतं
ते अजून ठरलेलं नाही.